पारूबायचा उजवा हात

माझ्या मुलाने असं काही सांगितलं असतं, तर मीच त्याला वेड्यात काढलं असतं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. उभं आयुष्य विमानांच्या दुरुस्तीत गेलं, आता बेव्हर्ली पार्क नावाच्या वसाहतीत एकटा राहतो. तरी लिहितोय... कारण एक गोष्ट मी लपवली होती.

चौक या समुद्रकाठच्या गावातल्या कोळ्याची मुलगी हर्षदा कसरतीची विमानं उडवायची. आठ वर्षं मी तिचा मेकॅनिक. प्रत्येक शोआधी ती डोळे मिटून, तळहाताचं विमान करून सगळ्या कसरती हवेत गिरवायची. शेवटच्या शोच्या सकाळी ऐनवेळी तिने क्रम बदलला.

"काका, आधी डावीकडे तीन गिरक्या, मग उलटं उड्डाण आणि शेवटी लूप. आईला सांगू नका हं, बोंबलासारखी वाळत घालेल मला!"

उड्डाणाआधी हा क्रम फक्त आम्हा दोघांना माहीत होता.

शेपटीचं झाकण लावण्याआधी हत्यारं मोजायची, हा नियम. पाहुणे येऊन बसले होते, घाई झाली — मी मोजली नाहीत. लूपच्या उभ्या गोलातून खाली आलेलं विमान वर उचललंच गेलं नाही, जमिनीवर आदळलं; हर्षदा गेली... अवशेषांत, विमानाचं नाक वर उचलणाऱ्या शेपटीच्या सांध्यात माझा स्क्रूड्रायव्हर अडकलेला सापडला. मी तो गुपचूप खिशात घातला. चौकशीत म्हणालो, "ती फार खालून लूप घ्यायची." अहवालात चूक तिची ठरली.

गेल्या वर्षी तिच्या आईकडे, पारूबायकडे गेलो. भर दुपार. ती अंगणात खाटेवर झोपली होती. अचानक तिचा उजवा हात वर उठला, तळहात आडवा. डावीकडे तीन गिरक्या... हात उलटा... मग मोठा गोल. खाली येताना हात मध्येच अडकला आणि तिथेच थांबला.

ती जागी झाली. "रोज असाच होतंय, भाऊ. मागं काय तरी अडकतंय. हात वर येत न्हाय."

मी खाटेपाशी खाली बसलो. सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "म्हंजे पोरीची चूक न्हवती?"

"नव्हती."

"आनि मी नऊ वर्सं तिच्या फोटोला शिव्या घातल्या... उंची दिसली न्हाय का गं तुला, म्हनून."

पारूबाय त्या शोला आलीच नव्हती; तो क्रम तिच्या हाताला कसा कळला, मला आजही उमगलेलं नाही. त्याच वर्षी श्रावणात ती वारली. चौकशी करणाऱ्यांना मी दोनदा सगळं खरं लिहून पाठवलं. फाइल बंद झाली आहे, असं उत्तर आलं. कागदावर चूक अजून हर्षदाचीच आहे.