डावी पाकळी

हे आमच्या हिलाही ठाऊक नाही – आणि हिच्यापासून लपवलेली दुसरी गोष्ट माझ्याकडे नाही. मग तुम्हाला का सांगतोय? एकट्यानं घाबरून थकलो, म्हणून.

आमची नात ऋतुजा कॉलेजसाठी नागपूरला निघाली होती. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, असाच एकदा मोटारसायकल काढून निघाला – तो परत आला नाही. तेव्हापासून ही गावदेवीला कौल लावल्याशिवाय घरातल्या कुणाला लांब सोडत नाही. मी आपला चेष्टा करायचो. देवीला रेल्वेचं टाइमटेबल कळतं का, म्हणून ऋतुजालाही हसवायचो.

त्या सकाळी हिचे गुडघे धरले होते, म्हणून देवळात मला पिटाळलं. वाडीतला सोनचाफा तोडला. दोन पाकळ्या ओल्या करून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवल्या. उजवी आधी पडली तर पोरीला जाऊ द्यायचं, डावी पडली तर थांबवायचं. पोरखेळच ना? मीही तसंच समजत होतो.

डावी पडली.

खाली पडलेली ती मी उचलून मुठीत धरली. पुन्हा लावावा कौल? धीर झाला नाही – पुन्हा डावीच पडली तर? घरी जाऊन खरं सांगायचं, असं वाटेत ठरवलं होतं. पण ओटीवर बॅगा भरून ऋतुजा उभी, डोळ्यांत हसू. "काय म्हणते देवी, आजोबा?"

जन्मभर टिंगल केलेला मी – तिला कसं सांगू, की मला भीती वाटते?

"उजवा दिला," म्हणालो.

हिनं हात जोडले, मग देवीची पाकळी मागितली. माझ्या मुठीत तीच होती – डावी. ऋतुजानं ती मोबाइलच्या कव्हरमध्ये जपून ठेवली. हिनं तिच्या हातावर दही घातलं. "जाते" म्हणाली, तर ही दटावून म्हणाली, "येते म्हण." रिक्षा वळेपर्यंत ही हसत होती. मी खांबाला धरून उभा होतो.

पोरीच्या शिक्षणासाठी खोटं बोललो म्हणावं, तर तेही नाही. माझी लाज राखायला बोललो – तिचा जीव पणाला लावून.

आता तिचं दुसरं वर्ष. बरी आहे. पाकळी तपकिरी पडलीय, तरी काढत नाही म्हणते. तिचा फोन आला की मी उचलत नाही. हिला उचलू देतो, आणि हिच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहतो.