लाल जोंधळ्याची पिशवी

आफ्रिकेच्या आत्याला खोटं बोलता येत नाही. त्यात तत्त्व वगैरे काही नाही. काही माणसांना पोहता येत नाही, तसं तिला ते येतच नाही. चहा पुढे करून आपण सहज, उत्तराची फारशी वाट न बघता विचारावं, "कसा झालाय?" तर ती एक घोट घेणार, जरा विचार करणार आणि सांगणार, "साखर जास्त झाली. आलं ऱ्हायलं." माझ्या बहिणीला बघायला इस्लामपूरचे पाहुणे आले होते, तेव्हा मुलाच्या आईनं विचारलं, मुलीला स्वयंपाक येतो ना? आम्ही सगळे 'हो' म्हणायला तोंड उघडतोय तोवर आत्या म्हणाली, "न्हाई येत. पर पोरगी हुशार हाय, शिकंल." लग्न जमलं, ती गोष्ट वेगळी. पण तेव्हापासून असल्या बैठकीच्या वेळी आत्याला काहीतरी आणायला दुकानात पाठवायचं, हे आमच्या घरात ठरूनच गेलं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आमचं गाव कवठे महांकाळच्या पुढं, माळावरचं. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, पण चर्च आहे आणि चर्चची मंडळीही जुनी आहे. आत्या मिरजेला नर्सिंग शिकली, काही वर्षं साताऱ्याला नोकरी केली, आणि लग्नाची बोलणी चालू असताना एके दिवशी घरी येऊन म्हणाली की मी मिशनच्या कामाला टांझानियाला चालले. आजवर मिशनरी म्हटलं की तिकडून इकडे आलेला, हे आम्हांला ठाऊक होतं. इकडून तिकडे, तेही आमच्या माळावरून, कुणी जाईल हे कुणाच्या डोक्यातच बसेना. माझे वडील म्हणाले, "आमालाच कोन बघंना, आन् ही निघाली दुसऱ्याला बघायला." ती गेली, राहिली आणि मंडळीत आफ्रिकेची आत्या झाली. चार-पाच वर्षांतून एकदा महिनाभर घरी येते.

परदेशातून माणूस येणार म्हणजे काय येणार, याच्या आमच्या काही कल्पना आहेत. आत्या त्या दर वेळी मोडते. तिची बॅग हलकी असते. त्यातून लाकडी पळी निघते, वेताची टोपली निघते, एकदा तर नुसता वाळलेला भोपळा निघाला. शेजारच्या बायका टोपली हातात घेऊन उलटीसुलटी करत आणि आमच्याकडे बघत. आम्हांला लाज वाटायची, हे मी लपवत नाही. गेल्या खेपेला ती येण्याआधी माझ्या बायकोने तिच्यासाठी दोन चांगल्या साड्या आणून ठेवल्या, त्या प्रेमापोटी होत्या की तिच्या धुवून धुवून विटलेल्या साडीची आम्हांलाच लाज वाटत होती म्हणून, हे नक्की सांगता येणार नाही.

तिकडच्या भाषेतला एक शब्द तिच्या तोंडात बसला आहे, पोले. कुणाला ठेच लागली, कुणी उन्हातून दमून आलं, कुणाचं माणूस गेलं, की तिकडे ऐकणारा म्हणतो, पोले. आपली काही चूक नसली तरी म्हणायचं. तुझ्यावर काय आलंय ते मला समजलं, एवढंच त्यात असतं. आत्या तो शब्द इथेही वापरते. एसटीत उभ्या असलेल्या बाईला म्हणते, घामाघूम कंडक्टरला म्हणते, तासगावला बेदाण्याच्या शेडवर चाळणाऱ्या बायकांना म्हणाली. सगळेच आधी चमकतात आणि मग का कोण जाणे, हसतात.

आणखी एक गोष्ट ती लपवत नसे, ती म्हणजे मिलो. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला आमच्याकडे मिलो म्हणत. तिची भाकरी लाल, कडवट, थापताना मोडायची. त्या वर्षांत ती खाल्ली नाही असं आमच्या भागात घर नाही, पण आमच्या वडिलांना तो शब्द घरात चालत नसे. आत्या मात्र जेवताना सहज सांगायची की मी शाळेत जायच्या वयाची होते, दोन वेळा मिलोच खायची, आणि अंगात जी हाडं आहेत ती त्या मिलोची आहेत. वडील ताटावरून उठून जात.

आता एका सणाचं सांगतो. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, निघाला की आमच्या मंडळीत कापणीचा सण असतो. ज्यानं जे पिकवलं ते त्यानं चर्चमध्ये आणून पुढच्या टेबलावर ठेवायचं. शाळूची पाटी, अंडी, कोंबडा, द्राक्षाची पेटी, एखादीचे पापड, काहीही. उपासना झाली की त्या सगळ्याचा लिलाव होतो आणि जमेल ते देवाच्या कामाला जातं. लिलाव म्हणजे सणाची खरी मजा. एका लिंबासाठी व्याही व्याह्यावर बोली चढवतो, घेतलेलं पुन्हा टेबलावर येतं, पुन्हा विकलं जातं. हा लिलाव बरीच वर्षं मी पुकारतो. मी सांगलीत शाळामास्तर, तोंडाला फाटक नाही, माणसांना हसवता येतं, म्हणून मला खास बोलावणं असतं. मलाही ते आवडतं. वर्षभर वर्गात कुणी हसत नाही, इथे अख्खी मंडळी हसते.

गेल्या खेपेला आत्या नेमकी सणाला आलेली होती आणि उपासनेत तिची साक्ष, म्हणजे तिकडचे अनुभव सांगणं, ठेवली होती. ती टेबलाजवळ गेली, शाळूच्या पाटीशेजारी एक फुलाफुलांच्या कापडाची, हाताने शिवलेली पिशवी ठेवली आणि बायकांच्या बाजूला जाऊन बसली. आलेल्या पाहुण्यांचं भाषण लांबलं. बाहेर मटण उकळत होतं, पोरं रडायला लागली. सूत्रसंचालन माझ्याकडे. मी चर्चच्या पाळकांच्या कानात सांगितलं आणि जाहीर केलं की आत्याबाईंची साक्ष जेवणानंतर निवांत ऐकू, आधी लिलाव उरकू. आत्याने मान डोलावली.

कोंबडे गेले, द्राक्षं गेली. मग ती पिशवी हाताला आली. नाडी सोडून बघतो तर आत लाल जोंधळा. आमच्या शाळूशेजारी तो फारच बारका आणि काळपट दिसत होता. मी मूठभर वर काढून धरला आणि ओरडलो, "बघा, मिलो आली परत. अमेरिकेनं बंद केली, आता आफ्रिकेतनं चालू झाली."

चर्च हसण्यानं दणाणलं. म्हातारी माणसं डोळे पुसत हसत होती. पहिली बोली आली ती आत्याची. तिने हात वर केला होता. स्वतः आणलेलं स्वतःच घेणारी बाई बघून लोकांना आणखी चेव आला आणि मीही सोडलं नाही. म्हटलं, "आत्याबाईंना मिलोशिवाय झोप येत नाही. परदेशची कमाई आहे, सोडू नका." आमच्यात पाहुण्यावर बोली चढवणं हा मान असतो. याकोबनाना, गावातले माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, उत्साहाने चढवत गेले. आत्या हात वर करत राहिली. मग तिने मांडीवरची पर्स उघडली, आत बघितलं, बंद केली. मी एकवार म्हटलं, दोनवार म्हटलं, तिच्याकडे बघितलं. हात खालीच होता. तीनवार म्हणून मी पिशवी याकोबनानांच्या हातात दिली. नाना म्हणाले, "आमच्या कोंबड्यास्नी फारिनचा खुराक." पुन्हा सगळे हसले.

जेवणानंतर निम्मी माणसं पांगली आणि साक्ष राहूनच गेली. संध्याकाळी गाडीतून सांगलीला निघालो, तेव्हा मी गमतीनं विचारलं, की आत्या, तू का बोली लावत होतीस? विचारलं म्हणून तिने सांगितलं. विचारलं नसतं तर मला आयुष्यभर कळलं नसतं.

ती जिथे असते त्या कोरड्या मुलखात लागोपाठ पावसाने दगा दिला होता. मग एक बरं साल आलं. मिलो खाऊन आपण जगलो ही गोष्ट आत्याने तिथल्या बायकांनाही सांगितलेली होतीच. ती घरी निघाली तेव्हा चर्चमधल्या बायकांनी आपल्या पहिल्या राशीतली एकेक मूठ आणून दिली. एका म्हातारीने आपल्या झग्याचं कापड फाडून पिशवी शिवली. त्यांचं म्हणणं असं, की तुझ्या गावाला एकदा दुसऱ्यांच्या दाण्याची गरज पडली होती, तर आता आमचाही दाणा तुझ्या चर्चला जाऊ दे. चर्चच्या कडेला पेरा, आणि जोंधळ्याची ताटं उभी राहिली की कशी दिसतात ते कळवा.

मी गाडी बाजूला घेतली. "तू तिथंच उठून बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"सगळी हसत हुती रं," ती म्हणाली. "मंडळी एवढी हसलेली मी लय वर्सांनी बघितली. मधीच उठून कुनाकुनाचं तोंड उतरवू?"

मी गाडी वळवली. याकोबनानांच्या दारात पोहोचलो तेव्हा दिवस मावळत होता आणि नाना खुराड्यापाशी उभे होते. पिशवी त्यांच्या बायकोने धुवून दोरीवर वाळत घातली होती. नाना कौतुकाने म्हणाले, "लय आवडीनं खाल्ली बगा. एक दाना ठिवला न्हाई." मी त्यांना सांगितलं की आत्याला तुमच्या कोंबड्या बघायच्या होत्या. आत्याने खरंच एकेक कोंबडी नीट बघितली आणि चांगल्या आहेत म्हणाली. निघताना ओली पिशवी तेवढी मागून घेतली.

परतीच्या वाटेवर शिरढोण गाव मागे पडल्यावर ती माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "पोले, सुध्या." चूक माझी, आणि समजूत ती माझी घालत होती. त्या क्षणी तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

पुढच्या आठवड्यात मी तिला साताऱ्याला सोडायला गेलो. तिथल्या एका जुन्या मैत्रिणीकडे राहून ती मुंबईला जाणार होती. स्टँडवर मी विचारलं की तिकडे काय सांगणार. "इचारलं तर खरं सांगनार," ती म्हणाली. "माज्या भावाच्या पोरानं लिलावात काढली आन् कोंबड्यांनी खाल्ली. पोरगा चांगला हाय, त्येबी सांगनार." मग तिने मला बजावलं, की नाना असेतोवर मंडळीत यातलं बोलायचं नाही. त्यांनी देवाच्या कामासाठी बोली लावली, त्यांच्या जिवाला घोर नको.

ती पोहोचली, तिने बायकांना रिकामी पिशवी दाखवली आणि जसं झालं तसं सांगितलं. पिशवी शिवणाऱ्या म्हातारीने विचारलं म्हणे, की कोंबड्या धड आहेत का? आहेत म्हटल्यावर तिचं समाधान झालं. दुसरीने विचारलं की आमचा दाणा होता हे कळल्यावर तुझी मंडळी काय म्हणाली? आत्या म्हणाली, अजून त्यांना कळलेलं नाही, एक म्हातारा आहे, त्याच्यासाठी थांबलोय. मग आम्हीही थांबतो, असं त्या बायका म्हणाल्या.

इकडे माझा तो विनोद मंडळीत मुरला. पुढच्या वर्षी मी लिलावाला उभा राहतो न राहतो तोच मागून कुणी ओरडलं, "सर, मिलो आणली का?" त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. नानांच्या समोर मला हसावं लागलं, आणि तेवढं निमित्त मला पुरत होतं.

नाना गेल्या पावसाळ्यात गेले. आत्याचा दर रविवारी उपासनेनंतर फोन असतो. तिला नानांचं सांगितलं तेव्हा ती आधी 'पोले' म्हणाली. मग म्हणाली, "आता सांग मंडळीला. त्या बाया अजून इचारत्यात. तुमी काय म्हनलासा ते मला त्यास्नी सांगायचंय."

यंदाच्या सणाला मी घरून शब्द जुळवून गेलो होतो. बायकोला पाठ म्हणून दाखवले होते. उपासना संपली, मी टेबलामागे उभा राहिलो, आणि तोंड उघडण्याआधीच मागून आवाज आला, "सर, मिलो?" सगळे हसले. लहान पोरंसुद्धा, ज्यांना मिलो म्हणजे काय ते ठाऊक नाही. नाना नव्हते, कुणाचं मन जपायचं राहिलं नव्हतं, अडवणारं कुणी नव्हतं. मी हसलो, आणि पुढ्यातला कोंबडा उचलला.

म्हणून हे लिहून काढलं. पुढच्या उपासनेत हे मोठ्यानं वाचा, अशी पाळकांना विनंती केली आहे. माझ्याच्यानं ते होणार नाही, हे मला कळून चुकलं आहे. गेल्या रविवारी आत्याचा फोन आला तेव्हा मी तो वाजू दिला. या रविवारी तो पुन्हा येईल. ती माझी तब्येत विचारेल, पावसाचं विचारेल, आणि मग विचारेल, मंडळी काय म्हणाली?