दुसऱ्या आणि तिसऱ्या पानांमधलं अंतर

नर्सने विचारलं, "काका, दुखणं किती? एक ते दहामधलं सांगा." महाजन सर म्हणाले, "सात. पण बेटा, कालच्या सहापासून हे सात फार दूर आहे, तसं लिही." तिने नुसतं सात लिहिलं. सरांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या... ती आमची शेवटची भेट. त्याला आता दीड महिना झाला.

सर बुऱ्हाणपुरात संख्याशास्त्र शिकवायचे आणि निवृत्तीनंतरही माझा प्रबंध तेच बघत होते. केळीवर करपा रोग वाढला की घडाचं वजन किती घटतं, हा माझा विषय. रोगाच्या चार पायऱ्यांना मी एक, दोन, तीन, चार असे आकडे दिले आणि तसेच घट काढणाऱ्या रिग्रेशनच्या सूत्रात घातले. दर पायरीला सारखीच घट, असं सुरेख उत्तर आलं. खूश होऊन मी प्रत्येक पायरीच्या पानाचा एक वाळवलेला तुकडा सारख्या अंतराने चिकटवून पुठ्ठा सरांना नेऊन दिला. "हे अंतर कोणी मोजलं?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी स्कूटीवर मागे बसवून मला निंबोल्याला रामदासभाऊंच्या केळीच्या बागेत नेलं. भाऊ म्हणाले, "मॅडम, एकाचं दोन झालं त काही फरक नी पडत. पन तीन लागलं का घड भरतच नी." सर म्हणाले, "क्रम तुला माहीत आहे, अंतर नाही. प्रत्येक पायरीची घट वेगळी काढ." प्रबंध टाइप होऊन तयार होता. मी चिडून म्हणाले, "सर, मी सहा महिने मागे जाईन." "जा. फवारणी कधी करायची, हे शेतकरी तुझ्या आकड्यांवरून ठरवणार." नंतर महिनाभर मी त्यांच्याकडे फिरकलेच नाही, ते दवाखान्यात आहेत हे कळल्यावरच भेटायला गेले. याची मला लाज वाटते.

"जुनंच देऊन टाका, कोण बघतंय," असं सर गेल्यावर मिळालेले नवे मार्गदर्शक म्हणाले. मी नाही म्हटलं. पहिली पायरी आधाराला धरून बाकी तिन्हींची घट वेगवेगळी काढली. दुसरीला जेमतेम काही, तिसरीला एकदम मोठी. 'फवारणीला तिसऱ्या पायरीपर्यंत थांबलं तरी चालेल' हे जुन्या प्रबंधातलं माझं वाक्य मी खोडलं.

परवा सरांच्या घरी गेले, तेव्हा काकूंनी सरांच्या टेबलावरचा तो पुठ्ठा दिला. शेवटचे दोन तुकडे सोडवून सरांनी उजवीकडे सरकवले होते. मधल्या रिकाम्या जागेत गोंदाचा डाग, आणि खाली पेन्सिलीने लिहिलेलं: 'किती, ते ती आणेल.'

मी त्यांच्याच खुर्चीत बसले आणि तिथे आकडा लिहिला.