टोपलीखालचं काळीज

फळ्यावरचा माणूस मला कधीच पटला नाही. एक हडकुळं चित्र काढायचं, बाण मारायचे, जठर, यकृत, मूत्रपिंड अशी नावं लिहायची आणि मुलांनी ती वहीत उतरवायची. 'तुझं जठर कुठंय?' विचारलं की पोरं फळ्याकडे बोट दाखवतात, स्वतःच्या पोटाकडे नाही. याचा मला भारी राग येई. तशी मी रागीटच. धुळ्याहून बदली होऊन जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेत आले, तेव्हा तिथल्या मुलांपर्यंत माझ्याआधी माझी ख्याती पोचली होती.

सहावीच्या वर्गाला मी सांगितलं, यंदा माणूस जमिनीवर करायचा, खऱ्या मापाचा. कोब्याच्या खडबडीत जमिनीवर खडू नीट उठत नव्हता. मग मी गिरणीवाल्याकडून झाडलोटीचं पीठ मागून आणलं आणि वर्गात मधोमध जाड थर पसरला. यात कुणीतरी पाठीवर निजायचं, अलगद उठायचं आणि जो ठसा राहील त्यात सगळी इंद्रियं मांडायची.

"मॅडम, मी निजस!" एक मुलगी पुढे आली. किडकिडीत, पण वर्गात सर्वांत चलाख. आदल्या आठवड्यात मी नाडी बघायला शिकवली होती, तेव्हापासून हिला दुसरा धंदाच नव्हता. दिसेल त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवायची, डोळे मिटायचे आणि डॉक्टरीणबाईच्या थाटात निकाल द्यायचा, "चालू शे." शिपायालाही तिने सोडलं नव्हतं.

ती निजली, उठली. ठसा छान उमटला होता. मग पोरांनी घरून आणलेला बाजार उघडला. फुप्फुसं म्हणून भरताची दोन मोठी वांगी, श्वासनलिकेला पपईच्या पानाचा पोकळ देठ, मूत्रपिंडांना आंब्याच्या कोयी, आतड्यांना खाटेचा जुना दोर. हृदय आम्ही कणकेचं केलं, हळदकुंकू कालवून लाल केलं आणि ते तिनेच स्वतःच्या हाताने छातीच्या जागी ठेवलं. मी फोटो काढला आणि हौसेने पालकांच्या ग्रुपवर टाकला.

शाळा सुटताना माझ्या मनात आलं, शेजारच्या कोंबड्या खिडकीतून येऊन सगळा पसारा विस्कटतील. निदान हृदय तरी राहावं म्हणून मी छातीवर एक टोपली पालथी घातली. पोरं एकदम गप्प झाली. मला वाटलं, धडा पोचला.

घरी माणूस गेलं की त्या जागी पीठ पसरतात, वर टोपली पालथी घालतात आणि सकाळी पिठात कुणाची पावलं उमटली ते बघतात. त्यावरून मेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते ठरतं. हे मला काय ठाऊक नव्हतं? सासरे गेले तेव्हा धुळ्याच्या घरात मीच पीठ चाळून दिलं होतं. पण शाळेत शिरताना आपण घर बाहेर ठेवतो. पोरं मात्र घर बरोबर घेऊन येतात.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली नाही. मी टोपली उचलली. पिठात बारीक बारीक पावलं उमटली होती आणि कणकेचं हृदय एका बाजूने कुरतडलेलं होतं.

"मॅडम," मागून कुणीतरी हळूच विचारलं, "तिनं काळीज कोनी खादं?"

"तिचं काळीज? उंदराने," मी म्हणाले, "दुसरं कोण खाणार? कणीक आहे ती." पण माझा आवाज मलाच परका वाटला. तेवढ्यात एकाने सांगितलं, तिला रात्रीपासून ताप भरलाय.

मधल्या सुट्टीपर्यंतही मला दम निघाला नाही. तिच्या घरी गेले. बाप केळीच्या कापणीला रावेरकडे गेलेला. आई खाटेशी बसून कपाळावर ओलं फडकं ठेवत होती. गोधडीखाली पोर थडथड उडत होती. मी तिचं मनगट धरलं. नाडी इतकी धावत होती की मोजताना माझाच हिशेब चुकला.

दारात तिचे आजोबा बसले होते. सगळं गाव त्यांना आबा म्हणे. शेजाऱ्याने त्यांना माझा तो फोटो मोबाइलवर दाखवला होता आणि पिठातल्या पावलांची बातमी माझ्याआधीच तिथे पोचली होती.

"बाई," आबा म्हणाले, "जित्ता मानूसले कोनी पीठमा निजाडस का?"

मी म्हणाले, चुकलं माझं, पण आत्ता हिला दवाखान्यात न्यायला हवं, माझी स्कूटी बाहेर उभी आहे. आबांनी मान हलवली. "पाय उमटनात. आते तिनी शिव वलांडी का, पुरीच गयी समजा. पोरले हालाडू नका."

पावलं उमटली, आता गावाची शीव ओलांडली की पोर गेलीच, असं त्यांचं म्हणणं. माझं डोकं फिरलं. मी खूप बोलले. हिवताप, डास, साचलेलं पाणी, मेंदूपर्यंत जाणारा ताप. एरवी चाळीस पोरांना चळाचळा कापायला लावणारी माझी जीभ त्या म्हाताऱ्यापुढे पालथ्या घड्यावरचं पाणी झाली. तिची आई सासऱ्यापुढे बोलत नव्हती, फक्त माझ्याकडे बघत होती. तिकडे बघवेना. पोर हातची जाणार, आणि ती माझ्या पिठापायी जाणार, एवढंच मला दिसत होतं.

मग माझ्या लक्षात आलं की आबाही चाचपडताहेत. जिवंत माणसाला पिठात निजवल्यावर काय करायचं याची रीत कुठे होती? अशी वेळच कधी कुणावर आली नव्हती. शिवेची अट आबांनी भीतीपोटी तिथल्या तिथे काढली होती. मग म्हटलं, मीही एक काढते.

"आबा, पीठ माझं, टोपली माझी, निजवलं मी. तर आता तिच्या जागी मी निजते. जे काय व्हायचं ते माझ्या पिठात होऊ द्या. पोरीला मोकळं करा."

आबांनी विचारलं, "अन् टोपली कोन उचली?"

"तुमची नात. बरी होऊन आली की तीच उचलेल. तोवर कुणी हात लावणार नाही."

ते काठी टेकत उठले. शाळेपर्यंतची वाट मला संपता संपेना. एकेक क्षण त्या पोरीच्या अंगातून चाललाय असं वाटत होतं. वर्गात मी जुना ठसा स्वतःच्या हाताने पुसला, पीठ सारखं केलं आणि साडी सावरून निजले. पोरं भिंतीला चिकटून उभी. जमीन गार होती. छताकडे बघताना मनात आलं, सासरेही असेच दिसले होते. मग उठले, नव्या कणकेचं हृदय ठेवलं, टोपली घातली. आबा म्हणाले, "लई जा तिले."

तिच्या घरी धावत परतले. आई मागे, पोर आमच्या दोघींच्या मधे, अशी स्कूटी हाणली. आरोग्य केंद्रात पोचलो तेव्हा ती हाकेला ओ देत नव्हती. डॉक्टरांनी रक्त तपासलं, मलेरिया म्हणाले, सुई दिली आणि रुग्णवाहिकेने जळगावला धाडलं. "आणखी उशीर केला असतात तर..." एवढं बोलून ते थांबले.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात. वर्गात मधोमध ती टोपली आणि पोरं तिच्यापासून हातभर लांब. कुणी मोठ्याने हसेना. जळगावहून एके दिवशी बरी बातमी येई, दुसऱ्या दिवशी वाईट. मुख्याध्यापक येऊन म्हणाले, "मॅडम, विज्ञानाच्या तासाला हे शोभतं का? उचला ती टोपली."

"तुम्हीच उचला, सर."

ते दोन पावलं पुढे गेले. मग त्यांना एकदम हजेरीपटावर सही करायची आठवण झाली.

मी तरी कुठली शूर? शब्द दिलाय म्हणून उचलत नाही, असं मी सर्वांना सांगत होते. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. एकदा सकाळी वर्गात कुणी नसताना मी टोपलीवर हात ठेवला. मी घाबरले होते, पोरीसाठी, आणि खरं सांगते, स्वतःसाठीही. त्या दिवसांत मला साधा खोकला आला तरी घाम फुटे. हात काढून मागे फिरले.

शेवटी ती आली. आईच्या खांद्याला धरून, डोळे खोल गेलेली, केस विरळ झालेले. मागे आबा, आणि त्यांच्यामागे निम्मं गाव. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण ती आधी टोपलीकडेच गेली. तिला सगळं सांगून झालेलं दिसत होतं.

तिने दोन्ही हातांनी टोपली उचलली.

पीठभर पावलंच पावलं होती. छातीच्या जागी काहीच नव्हतं. माझं हृदय त्या उंदराने मुळापासून खाल्लं होतं, नुसता खळगा उरला होता. आबांनी डोळे मिटून घेतले.

पोर त्या खळग्याकडे बघत राहिली. मग टोपली खाली ठेवून माझ्याकडे आली. माझं मनगट धरलं, अंगठ्याखाली दोन बोटं टेकवली आणि डोळे मिटले. तिने खूप वेळ घेतला. एवढा वेळ ती आधी कधी घेत नसे.

"चालू शे," ती म्हणाली.

कुणीतरी हसलं, कुणीतरी रडलं. मी दोन्ही केलं. गलका उठला, पोरं पिठातून इकडेतिकडे धावायला लागली. तेवढ्यात आबा गर्दीतून वाट काढत पुढे आले. काठी बगलेत धरून त्यांनी बाही वर सारली आणि आपला वाळका हात नातीपुढे केला.

"मनी बी देख, माय."