फोनला कळेल असं

नांदेडहून लातूरला जाणाऱ्या बसमध्ये ती नेहमी दिसते. संगणकशास्त्रात पीएचडी आहे, पण कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. मराठवाड्याची बोली यंत्राला कळावी म्हणून तिने आठ वर्षं गावोगावच्या बायकांचे आवाज गोळा केले. कॉलेजने प्रयोगशाळा बंद केली, तेव्हा ते सगळं पुसलं गेलं.

परवा बसमध्ये तिच्या शेजारी बसलेली म्हातारी हातातल्या फोनवर खेकसत होती, "दवाखाना कुठं हाय, सांग की मुडद्या!" फोन गप्प. "ह्याला आपलं बोलणं कळत न्हाई का गं, माय?"

"न्हाई, मावशी. आता आपणच त्याच्यासारखं बोलायचं. म्हणा, रुग्णालय कुठे आहे?"

म्हातारीने अडखळत म्हटलं. फोनने लगेच रस्ता सांगितला.

"लई हुशार हायस गं!" म्हणत म्हातारीने तिची अलाबला घेतली. लातूर येईपर्यंत प्राध्यापिकेने मान वर केली नाही.