आपोआप ढवळणारं मशीन

सकाळचे सव्वासात वाजले होते. स्टोव्हवर चहा उकळत होता आणि सुलक्षणा धुरी ओट्यापाशी उभी राहून काचेच्या मापनळीत जांभळट वाइन ओतत होती. नळी डोळ्यांच्या रेषेत धरून, एक डोळा बारीक करून ती एकशेवीस मिलिलिटरच्या खुणेवर थांबली. पलीकडे पाटावर तिचा नवरा जयवंत दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसला होता. हात मोकळे सोडले की ते थरथरत, आणि ते तिला दिसलेलं त्याला आवडत नसे.

"रेशनवरपण एवढा मोजूक नाय गो," तो म्हणाला.

"रेशनवाल्याला तुमची काळजी नाही. घ्या. हळूहळू प्या, चहा नाही तो."

तेवढ्यात दार वाजलं. मुलुंडच्या त्या चाळीत दार कुणी वाजवत नसे. माणसं बाहेरूनच हाक मारत आत येत. सुलक्षणानं रिकामी मापनळी पदराआड धरून दार उघडलं. दारूबंदी खात्याचे एक साहेब आणि त्यांचा शिपाई खंडू उभे होते. त्यांच्यामागे, पंच म्हणून सही करायला बोलावून आणलेल्या शेजारच्या रुक्मिणीकाकू. हात ओलेच होते त्यांचे. भांडी घासताना उठवलेलं असणार.

"मशीनवाली बाई हीच ना?" खंडूनं काकूंना विचारलं.

काकूंनी मान डोलावली. पण सुलक्षणाच्या कानात दुसरंच काही अडकलं. मशीन. ती स्वतः त्या वस्तूला 'ढवळणी' म्हणायची. मशीन म्हणणारा माणूस जगात एकच होता. तिनं वळून बघितलं. जयवंतचा पेला अर्धा होता आणि मान खाली.

ब्याऐंशीच्या संपाआधी जयवंत परळच्या गिरणीत चार माग सांभाळायचा. संप लांबला, गिरणीचं दार उघडलंच नाही. पहिलं वर्ष तो रोज सकाळी दाढी करून तयार व्हायचा. दुसऱ्या वर्षी नाल्यापलीकडच्या गुत्त्यावर जाऊन बसायला लागला. घर चाललं ते सुलक्षणा औषधाच्या कारखान्यात प्रयोगशाळा-सहायक होती म्हणून. बी.एस्सी. झालेली, नीटनेटकी, चिठ्ठी लावल्याशिवाय मिठाची बरणीसुद्धा फळीवर न ठेवणारी बाई.

गेल्या वर्षी त्या गुत्त्यावर पिऊन दोन माणसं मेली, एकाचे डोळे गेले. त्या धसक्यानं तिनं जयवंतला घरात कोंडलं. तिसऱ्या दिवशी त्याला झटका आला. दातांत जीभ, डोळे पांढरे. डॉक्टर तिच्यावरच ओरडले. "दारू एकदम तोडलीत? मारून टाकाल त्यांना! दवाखान्यात खाट मिळाली तर दाखल करा. नाहीतर मोजून द्या, आणि दर आठवड्याला थोडी कमी करा."

खाट मिळाली नाही. दुकानातली बाटली आणावी, तर ती कडक, आणि हाती लागली की जयवंत एका बैठकीत संपवणार. तेव्हा तिनं ठरवलं, घरीच करायची. काळ्या मनुका, साखर, बेकरीतलं यीस्ट. हलकी, स्वच्छ, आणि जितकी लागेल तितकीच.

पहिल्या दोन बरण्या वाया गेल्या. यीस्ट तळाशी साकळून बसे, फसफस थांबे, आठ दिवसांत सगळ्याचा शिरका होई. त्या दोन्ही वेळा द्यायला घरात काही उरलं नाही आणि जयवंत तीन-तीन दिवस गुत्त्यावर. एकदा त्याला हातगाडीवर घालून आणावं लागलं. चूक कुठं होते ते तिला कळत होतं. बरणीत घालण्याआधी यीस्ट साखरपाण्यात वाढवायला हवं, आणि वाढताना त्याला सतत हवा खेळती हवी. म्हणजे सतत ढवळायला हवं. ती सकाळी आठला घर सोडायची ते संध्याकाळी सहाला परत. आणि जयवंतला चमचासुद्धा धरवत नव्हता.

कारखान्यात ढवळायची पेटी होती. वर चंबू ठेवायचा, चंबूत बोटाच्या पेराएवढी कांडी टाकायची. खाली चुंबक फिरतं आणि वरची कांडी त्याच्याबरोबर गरगरते. तिथून कांडी उचलून आणणं तिच्या मनालाही शिवलं नाही. टवके उडालेला एक चंबू आणि तुटलेली काचनळी मात्र साहेबांना विचारून कचऱ्यातून आणली.

घरी बिघडलेला कॅसेट प्लेअर होता. त्याची मोटर काढली. कपाटाच्या दाराची दोन चुंबकं काढून एका झाकणावर समोरासमोर चिकटवली, झाकण मोटरच्या दांड्यावर बसवलं. वर बिस्किटांचं पुठ्ठ्याचं खोकं उपडं, त्यावर चंबू. कांडीसाठी खिळ्याचा तुकडा काचनळीत घातला आणि दोन्ही टोकं ज्योतीवर वितळवून बंद केली. तीन नळ्या तडकल्या, चौथी जमली.

दोन सेल जोडले तर कांडी उधळून काचेवर आपटे. एका सेलवर चुंबक अडखळे. मग तिनं जुन्या शेगडीची तुटकी कॉइल मधे जोडली आणि तिच्यावर चिमटा पुढेमागे सरकवत वेग हवा तिथं आणला. तरी खोकं थडथडतच होतं.

"धुरा वाकडो बसलो हा," पाटावरून जयवंत म्हणाला. "मागाचा पण असाच होय. हलक्या बाजूक वजन लाव."

तिनं मेणाचा गोळा त्याच्यासमोर धरला. त्यानं थरथरत्या बोटांनी तो झाकणाच्या कडेला दाबला, काढला, पुन्हा थोडा सरकवून दाबला. तिसऱ्यांदा थडथड थांबली. चंबूतलं पाणी मधोमध खोल भोवरा घेऊन फिरू लागलं, कुणाचा हात न लागता. जयवंत बराच वेळ बघत राहिला. "मशीन झाला गो," म्हणाला. चार वर्षांत त्याच्या हातून काही धड झालं असेल तर तेवढंच.

त्यानंतर बरणी एकदाही बिघडली नाही. दिवसाला आठशेवर सुरुवात केली होती. या आठवड्यात तीनशेसाठ. आणखी चार-साडेचार महिने मिळाले असते तर सुटली असती.

"कुणाला सांगितलंत?" सुलक्षणानं हळूच विचारलं.

"मिलचे दोघे भेटले. म्हणाले, बायकोन घरात बसवल्यान ना रे तुका? बांगड्यो भर." जयवंत म्हणाला. "तोंडातून गेला. म्हटलंय, माझ्या बायलेन मशीन केल्यान. तुमच्या बायलांका जमात काय?"

ते दोघं गुत्त्यावरच बसायचे, आणि गुत्तेवाल्याचं एक गिऱ्हाईक कमी झालं होतं. पुढचं तिला कुणी सांगायला नको होतं.

साहेबांनी खोक्याचा चिमटा जोडून पाहिला. चंबूत भोवरा उठला. खंडू एक पाऊल मागे सरला. "साहेब, ह्याच्यात कोण आहे?"

"तुझी सासू," साहेब म्हणाले, पण तेही वाकून बघतच राहिले. मग त्यांनी फळीवरचा पडदा बाजूला केला. स्क्वॅशच्या सहा बाटल्या ओळीनं उभ्या, प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी: वार, तारीख, ३६०. पुढच्या आठवड्यासाठी रिकाम्या सात तयार होत्या, ३४० लिहून.

"वा! रोजचा माल वेगळा. गिऱ्हाइकं किती आहेत बाई?"

"एकच," ती म्हणाली आणि पाटाकडे बोट दाखवलं. "डॉक्टरांनी मोजून द्यायला सांगितलंय. म्हणून लिहिलं."

"डॉक्टरांनी दारू गाळायला सांगितली?"

"गाळत नाही मी. आंबवते."

"कायद्याला तेच. लायसन नाही ना? मग झालं. असली चिठ्ठी कुणी घरच्यासाठी लावतं का? शाळेतल्या पोरालासुद्धा खोटं वाटेल."

चिठ्ठी न लावता बाटली ठेवणं तिला जमलंच नसतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तोंडी. लिहून घ्यावं हे नेमकं सुचलं नव्हतं.

खंडूनं फळीखाली आंबत ठेवलेल्या बरणीतला नमुना एका बाटलीत घेतला, बाकी बरणी मोरीत उपडी केली. सगळ्या खोलीत आंबूस गोड वास भरला. जयवंत उठून उभा राहिला. हात आता झाकत नव्हता. ते कोपरापर्यंत हलत होते.

"साहेब, ता माझा आसा. पितंय मी. तिका कित्याक न्हेतास?"

"बसा तुम्ही," सुलक्षणा म्हणाली. "यांना आत ठेवलंत तर दुसऱ्या रात्री झटका येईल, साहेब. केलं मी. माझं नाव लिहा. काकू, सही करा तुम्ही, संकोच करू नका."

रुक्मिणीकाकूंनी सही केली आणि ओल्या हातांनीच डोळे पुसले. "सुलू, नोकरी जाईल गं तुझी," त्या पुटपुटल्या.

"जाईल," सुलक्षणा म्हणाली.

साहेब लिहायचे थांबले. ते काही वाईट माणूस नव्हते. "जामीन होईल बाई. आज नाही झाला तर उद्या. कुणाला निरोप द्यायचाय? काही घ्यायचंय बरोबर?"

खंडूनं सहा बाटल्या पोत्यात भरल्या होत्या. सातवी, आज सकाळी उघडलेली, ओट्यावर होती. तिच्यात दोनशेचाळीस उरली होती. तिनं त्या बाटलीवर हात ठेवला.

"मला काही नको. एवढी बाटली राहू द्या. काकू दुपारी निम्मी देतील, रात्री निम्मी."