आखूड हौद्याचे भाऊजी

जगातील यच्चयावत वस्तूंची माझे मोठे दीर दोनच वर्गांत विभागणी करतात: बांधलेल्या आणि पडणार असलेल्या. तिसरा वर्ग त्यांना मान्य नाही. गॅलरीतली कुंडी, टेबलावरचा तांब्या, माझ्या हातातली चहाची बशी हे सारे त्यांच्या लेखी दुसऱ्या वर्गात मोडते. गेली बावीस वर्षे मी या माणसाच्या सावधपणाच्या सावलीत राहते आहे आणि खरे सांगायचे तर थकले आहे. गाठ आवळताना दोर जसा करकरतो, तसा सावधपणाचाही एक बारीक आवाज असतो. तो ऐकता ऐकताच माझे केस पांढरे झाले.

विंचूरकडच्या द्राक्षमळ्याची वाटणी झाली तेव्हा भाऊजींनी आपल्या वाट्याला आग्रहाने मागून घेतली ती मळ्यातली जुनी पिकअप. तिच्या केबिनमध्ये आसनांच्या दोन रांगा, त्यामुळे मागचा हौदा आखूड, जेमतेम पाच फुटांचा. उन्हात तापला की त्याला अजून फवारणीच्या गंधकाचा आणि सुकलेल्या द्राक्षमण्यांचा मंद वास येतो. नाशकात आमच्या गंगापूर रोडच्या बाजूला रविवारी पहाटे सायकलस्वारांचे थवे निघतात. त्यांच्यातल्या कुणाची चेन तुटते, कुणाचा गुडघा कुरकुरतो आणि मग फोन येतो तो भाऊजींना. त्यांना स्वतःला सायकल चालवता येत नाही. ‘दोन चाकांवर उभी राहणारी वस्तू म्हणजे मुळातच पडणारी वस्तू,’ असे त्यांचे मत. पण कदाचित म्हणूनच ती नेताना त्यांचा जीव इतका गुंतत असावा.

सायकल पावणेसहा फुटांची आणि हौदा पाच. इतर लोक अशा वेळी फाळका खाली सोडतात आणि मागचे चाक रस्त्यावर लोंबू देतात. भाऊजींना ते दृश्य दुरून दिसले तरी त्यांचे खांदे आखडतात. त्यांची रीत निराळी. आधी पाना घेऊन पुढचे चाक उतरवायचे. उघड्या पडलेल्या चिमट्यात लाकडाचा ठोकळा बसवायचा, खाली दुहेरी गोणपाट अंथरायचे. एका सायकलीचे तोंड केबिनकडे, तर शेजारणीचे फाळक्याकडे, म्हणजे हँडले एकमेकींत अडकत नाहीत. मग प्रत्येक सायकलीला दोन ठिकाणी दोर. फाळका बंद झालाच पाहिजे, नंबरपाटी उघडी राहिली पाहिजे, लाल दिवा मागच्याला स्वच्छ दिसला पाहिजे. एकदा चौकातल्या हवालदाराने हात करून भाऊजींना पुढे जायला सांगितले, तर त्यांनी गाडी कडेला घेतली, उतरून त्याच्यापाशी गेले आणि म्हणाले, “जरा मागून बघता का, दिवा झाकला तर जात नाही ना?” तो बिचारा घामाने निथळत होता. “काका, सगळं दिसतंय. तुम्हीच तेवढे जा आता!”

हौद्यात माणूस बसवायचा नाही, हा तर त्यांचा धर्मच. शेजारचे एक गृहस्थ आपली नवी कोरी सायकल धरून मागे बसतो म्हणून हटून बसले होते. भाऊजी शांतपणे म्हणाले, “मागे फक्त माल जातो. माल म्हणून यायचं असेल तर या, दोन ठिकाणी बांधून नेतो.” गृहस्थ मुकाट्याने पुढे येऊन बसले. आणि निघाल्यावर बरोबर दोन किलोमीटरवर थांबायचे, उतरायचे, प्रत्येक गाठ पुन्हा ओढून पाहायची. “दोर पहिल्या दोन किलोमीटरांत खरं बोलतो,” असे ते म्हणतात. त्या असंख्य थांब्यांवर, रस्त्याची धूळ गिळत, मी आयुष्याचे किती तास उभी राहिले असेन! एकदा वैतागून विचारले, “भाऊजी, कधी काही पडलं होतं का हो तुमच्या गाडीतून?” ते दचकले. “कधीच नाही. पडल्यावर बांधायचं असतं का?”

गेल्या वर्षीची गोष्ट. पेठ तालुक्याच्या डोंगरात आशा सेविका म्हणून काम करणाऱ्या पाच बायकांसाठी आम्ही काही जणींनी वापरलेल्या सायकली जमवल्या, दुरुस्त केल्या. त्या पाचजणी महिनाभर शाळेच्या मैदानात एका उसन्या सायकलीवर पडत-झडत शिकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी लसीकरण होते. लसीचा डबा सायकलीला लावून त्या पहिल्यांदाच उन्हे चढण्याआधी लांबच्या पाड्यांवर पोहोचणार होत्या. म्हणून सायकली त्या दिवशीच पोहोचायला हव्या होत्या. भाऊजी पहाटेपासून बांधत होते. मी दोन किलोमीटरवर उभी राहिले, घाटाआधी उभी राहिले, घाटानंतर उभी राहिले. दुपारी पोहोचलो तेव्हा पाचहीजणी आंब्याखाली वाट पाहत होत्या. त्यांच्यातली थोरली, जिला सगळे आशाताई म्हणतात, हौद्यात डोकावली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, “दादा, बांधल्यात लय झ्याक. पन पुढची चाकं कुठं हायेत?”

चाके नाशकात होती. भाऊजींनी ती माझ्या जुन्या साड्यांच्या तुकड्यांत गुंडाळली होती, प्रत्येकाला सायकलीच्या मालकिणीच्या नावाची चिठ्ठी लावली होती आणि पडू नयेत म्हणून व्हरांड्याच्या ग्रिलला घट्ट बांधून ठेवली होती. निघताना त्याही गाठी त्यांनी ओढून पाहिल्या होत्या.

“आम्हाला वाटलं, शहरात आता एका चाकाच्याच निघाल्या,” दुसरी म्हणाली आणि पाचहीजणी खळखळून हसल्या. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी पाचही सायकली उतरवल्या, एकेका चिमट्याखाली गोणपाट सरकवले आणि किल्ली उचलली. घराला कुलूप होते. आणून देणारे कुणी नव्हते. जायला दोन तास, यायला दोन. मी म्हटले, “आज तरी जरा वेगानं जा, भाऊजी.”

“चाकं विसरलो म्हणून घाटही विसरू का?” ते म्हणाले आणि चाळीसच्या गतीने वळणाआड गेले.

मी आंब्याच्या मुळावर बसून राहिले. भाताच्या ओल्या खाचरांचा वास वाऱ्याबरोबर येत होता, जात होता. पाच सायकली माना खाली घालून चरणाऱ्या गुरांसारख्या उभ्या होत्या. इतक्या वर्षांचा सारा शीण त्या दुपारी माझ्या पोटऱ्यांत उतरला. “नाय आले दादा तर?” मीच शेवटी विचारले, आशाताईचीच बोली माझ्या तोंडी आली. तिने चपलेतला खडा झटकला. “तर चालत जाऊ. रोज जातोच की.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून तो अधिक लागला.

ऊन डोंगरावर तांबूस झाले तेव्हा पिकअप आली. हौदा रिकामा होता. मी उठून गाडीपाशी गेले. मग केबिनचे दार उघडले: मागच्या आसनांवर तीन चाके, पुढे माझ्या जागेवर दोन, साड्यांत गुंडाळलेली आणि सर्वांना सीटबेल्ट लावलेले. “हौद्यात का नाही?” मी विचारले. “आता डोळ्यांसमोरच बरी,” भाऊजी म्हणाले. अंधार पडण्याआधी त्यांनी पाचही चाके बसवली, प्रत्येक फिरवून कान लावून ऐकले. आशाताईने घंटी वाजवत आंब्याला फेरी मारली, तेव्हा ते डोळे मिटून उभे होते. ती पडताना पाहण्याची त्यांची तयारी नव्हती. ती पडली नाही.

यंदा भाऊजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. कुणी सांगण्याआधीच त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. “मला समोरच्या गाडीचा एक दिवा दोन दिसतो. दोन दिसणाऱ्यानं चालवू नये.” गेल्या आठवड्यात आशाताईची सायकल दुरुस्त होऊन आली, पुढची रिम नवी बसवून. पेठला परत न्यायला ती सायकल मी एकटीने बांधली. भाऊजी काठी टेकत आले. गाठी त्यांना दिसत नव्हत्या, म्हणून त्यांनी दोराला बोटाने छेडले, ऐकले आणि आत गेले.

दोन किलोमीटरवर मी थांबले. न थांबता जाणे आता मला जमत नाही. दोर तसाच ताठ होता. फोन वाजला.

“थांबलीस?”

“थांबले. काही ढिलं नाही.”

“आणि पुढचं चाक?”

मी केबिनकडे पाहिले. माझ्या जुन्या जागेवर, माझ्याच विटक्या निळ्या साडीत ते बसले होते.

“शेजारी आहे, भाऊजी. पट्टा लावून.”

पलीकडे काठी जमिनीला टेकल्याचा आवाज झाला.

“मग जा आता,” ते म्हणाले. “हळू जा.”